दिलेला अंक परत फिरत नाही

संगणकांच्या व्यवहारात प्रत्येक संकल्पनेस जगभर एकच ओळखक्रमांक असावा, म्हणून अंकांचा एक वृक्ष कल्पिला आहे. त्याच्या मुळाशी ०, १ व २ या तीनच शाखा. पैकी २ ही आयएसओ व आयटीयू या संस्थांची सामायिक शाखा होय. तीत १६ म्हणजे देश, ३५६ म्हणजे भारत. भारतातील प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाचा क्रमांक २.१६.३५६.१००, पुढचे अंक तोच नेमतो. भावंडांत मात्र एक अंक दोघांस मिळू नये. अंकाशेजारी नावही लिहितात, पण यंत्र वाचते ते अंकच.

खरा कठोर नियम निराळाच: दिलेला अंक पुन्हा दुसऱ्यास द्यावयाचा नाही. अंकीय स्वाक्षरीची द्वितीय वर्गाची प्रमाणपत्रे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. तरी त्यांचा २.१६.३५६.१००.२.२ हा अंक राखावाच लागतो. तो अन्यत्र दिल्यास जुन्या स्वाक्षऱ्या पडताळताना यंत्र भलताच अर्थ लावील.