लघवीची नळी घेऊन घरी आलेल्या ताईसाठी

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून एखादी ताई घरी येते, तेव्हा सगळ्यांचं लक्ष टाक्यांकडे असतं. लघवीच्या नळीबद्दल ती लाजेने बोलत नाही. ‘सारखी बॅग रिकामी करायला कुणाला सांगू?’ म्हणून पाणी पिणंच कमी करते. इथेच चुकतं.

या मोठ्या ऑपरेशनमध्ये गर्भपिशवीसोबत आजूबाजूचा भागही काढतात. मूत्राशयाच्या नसांना धक्का बसतो. मग लघवी लागल्याचं कळत नाही, पूर्ण होतही नाही. म्हणून नळी ठेवतात. पण जंतूंनाही तीच वाट मिळते. पाणी भरपूर प्यायलं की लघवी वाहती राहते आणि जंतू धुऊन निघतात.

घरी एवढं सांभाळा:

- डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितलं नसेल, तर दिवसाला ८ ते १० पेले पाणी प्या.
- नळीला, बॅगेला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा.
- बॅग नेहमी कमरेच्या खाली ठेवा, पण जमिनीवर टेकवू नका. वर उचलली तर लघवी उलटी आत जाते.
- बॅग पूर्ण भरायची वाट बघू नका. रिकामी करताना तिची तोटी भांड्याला लागू देऊ नका.
- नळी मुडपू नका, बॅगेपासून सोडवू नका.
- रोज आणि संडासनंतर साध्या पाण्याने, पुढून मागे धुवा. डेटॉल नको.
- नळी स्वतः ओढून काढू नका. आत पाण्याने भरलेला फुगा असतो, जखम होईल.

नळी काढल्यावर लघवी लागली नाही तरी दर तीन तासांनी जाऊन बसा. घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामं करा. तटून राहिलेल्या लघवीतही जंतू वाढतात.

थंडी वाजून ताप, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणं, लघवीला जळजळ, गढूळ किंवा रक्ताची लघवी, नळीतून लघवी येणं बंद होणं किंवा नळी काढल्यावर लघवीच न होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरज पडली तर १०८ ला फोन करा. मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका.

गटातल्या दोघींनी तिच्याकडे रोज आलटूनपालटून चक्कर मारावी. तब्येत तर विचाराच, पण ‘ताई, आज पाणी किती प्यायलीस?’ हेही आवर्जून विचारा. बॅग रिकामी करायला हात लावा. मग ती पाणी प्यायला संकोचणार नाही.