परदेशी व्यवस्थापन पदवी : आधी नोकरीचा हिशेब

सोलापूर : चादरी आणि टॉवेलच्या या शहरातील पदवीधर पूर्वी व्यवस्थापन शिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडे पाहत असत. आता लंडन, डब्लिन, म्युनिक ही नावेही घरोघरी चर्चेत असतात. मात्र राहते घर तारण ठेवून कर्ज काढणाऱ्या कुटुंबापुढील खरा प्रश्न विद्यापीठाच्या नावलौकिकाचा नसतो. पदवीनंतर तेथे नोकरी करता येईल का, हा असतो.

पदवी कोणती?

एमबीए हा अभ्यासक्रम मुळात काही वर्षे नोकरी केलेल्यांसाठी आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी 'मास्टर इन मॅनेजमेंट' हा युरोपात रुळलेला पर्याय आहे. अनुभवाविना एमबीए केल्यास नोकरीच्या बाजारात अनुभवी उमेदवारांशी सामना करावा लागतो.

देश कोणता?

ब्रिटनने शिक्षणोत्तर कामाची सवलत २०१२ मध्ये बंद केली आणि २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी पुन्हा दिली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ही मुदत १८ महिन्यांवर येते. त्यानंतर राहायचे तर प्रायोजकत्व देणारी कंपनी आणि ठरावीक किमान वेतन आवश्यक ठरते.

जर्मनीत नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत नियमित पदव्युत्तर अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १५०० युरो भरावे लागतात. वर्ग इंग्रजीत चालला, तरी कचेरीत जर्मन भाषेवाचून अडते.

अमेरिकेत साध्या एमबीएनंतर १२ महिने काम करता येते. 'बिझनेस अॅनालिटिक्स'सारखा अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान गटात मोडत असेल, तर आणखी २४ महिने मिळतात. एकाच संस्थेतील दोन पदव्यांत असा दोन वर्षांचा फरक पडू शकतो. पुढे वार्षिक ८५ हजारांची मर्यादा असलेला एच-१बी व्हिसा मिळवण्याचे आव्हान उरतेच.

काय विचारावे?

संस्थेच्या माहितीपत्रकातील सरासरी वेतनावर विसंबू नये. त्यात स्थानिक नागरिकही धरलेले असतात. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना त्याच देशात नोकरी मिळाली, हा आकडा स्वतंत्रपणे मागावा. कर्जाचे गणितही त्याच वेळी मांडावे. अनेक बँकांच्या योजनांत अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने हप्ते सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असते. म्हणजे नोकरी शोधण्याची १८ महिन्यांची मुदत संपण्यापूर्वीच पहिला हप्ता दारात उभा राहतो.

परतावे लागले तर, हा प्रश्नही अशुभ मानू नये. फ्रँकफर्टच्या 'हाइमटेक्स्टिल' प्रदर्शनात येणाऱ्या ग्राहकाशी त्याच्या भाषेत व्यवहार करणारा माणूस सोलापूरच्या टॉवेल उद्योगालाही हवाच आहे. परतीच्या वाटेवरही उपयोगी पडेल, अशी पदवी निवडणाऱ्याचे कर्ज बुडीत खात्यात जाण्याची भीती कमी असते.