व्यापाऱ्याची सून आणि झाडावरचे भूत

मणी कौल यांचा ‘दुविधा’ हा १९७३चा हिंदी चित्रपट राजस्थानातल्या एका लोककथेवर बेतलेला आहे. बत्तीस वर्षांनी, २००५ मध्ये, अमोल पालेकरांनी तीच कथा ‘पहेली’ या नावाने पडद्यावर आणली. पहिला चित्रपट बाजाराबाहेर राहून मोजक्या पैशात झाला, तर दुसऱ्यात शाहरुख खान आणि राणी मुखर्जी होते. एकट्या पडलेल्या बाईची ही गोष्ट दोघांनी अगदी वेगळ्या रीतीने सांगितली, आणि शेवटही वेगळा केला.

कथा अशी. लग्न लावून व्यापाऱ्याचा मुलगा नव्या नवरीला घेऊन गावाकडे निघतो. वाटेत विसाव्याला वऱ्हाड थांबते, तिथल्या झाडावरचे भूत नवरीला पाहते आणि तिच्यावर भाळते. नवऱ्याचे लक्ष मात्र हिशेबात असते. नवरीला रानातली फळे खावीशी वाटतात, तर ती गावंढळांनी खायची, आपल्यासारख्यांनी नव्हे, असे त्याचे मत. घरी पोहोचल्यावर संसार सुरू होण्याआधीच तो शुभमुहूर्त साधून पाच वर्षांसाठी परमुलखात व्यापाराला निघून जातो. वाटेत भूत त्याला गाठते, सगळी हकिकत काढून घेते आणि त्याचेच रूप घेऊन त्याच्या घरी येते. सासऱ्याला ते रोज पाच मोहरा देऊ लागते, त्यामुळे मुलगा इतक्यात परत का आला याची चौकशी तो फारशी करत नाही.

रात्री नवरीसमोर आल्यावर मात्र भूत खोटे बोलत नाही. आपण कोण आहोत ते सांगून टाकते आणि ठेवायचे की घालवायचे हे तिच्यावर सोडते. ती त्याला ठेवून घेते. दिवस सुखात जातात, तिला दिवसही राहतात. ती बातमी परमुलखातल्या नवऱ्याच्या कानी पडते आणि तो धावत येतो. एकाच चेहऱ्याचे दोघे दारात उभे राहिल्यावर गाव न्यायासाठी राजाकडे निघते. वाटेत एक धनगर भेटतो आणि राजापर्यंत जायची गरजच ठेवत नाही. निखारे उचलणे, पांगलेली मेंढरे गोळा करणे अशा परीक्षा तो घेतो. शेवटी म्हणतो, खरा नवरा असेल त्याने या पाण्याच्या पखालीत शिरून दाखवावे. प्रेमापायी भूत शिरते आणि धनगर पखालीचे तोंड आवळतो.

ही गोष्ट लिहिणारे विजयदान देथा १९२६ साली जोधपूर जिल्ह्यातल्या बोरुंदा गावी जन्मले आणि लिहीत तिथेच राहिले. लोकसंगीताचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्यासह त्यांनी १९६० मध्ये ‘रूपायन संस्थान’ उभे केले. गावातल्या बायाबापड्यांकडून ऐकलेल्या कथा त्यांनी ‘बातां री फुलवाडी’ या चौदा भागांच्या मालिकेत राजस्थानीत लिहिल्या. त्या मालिकेतल्या एका भागाला १९७४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देथांनी कथा ऐकल्या तशाच उतरवल्या नाहीत. लोककथेत ज्या जागी ‘मग काय झाले’ एवढेच असते, तिथे थांबून माणसाच्या मनात काय चालले होते ते त्यांनी लिहिले. म्हणूनच भुताचा खरेपणा हा या कथेचा कणा झाला. परकायाप्रवेशाच्या आणि रूप बदलण्याच्या गोष्टी भारतभर सांगितल्या जातात, पण त्यांत बहुधा बाई फसवली जाते. गिरीश कार्नाडांच्या ‘नागमंडल’मध्ये कोंडून ठेवलेल्या राणीकडे नाग नवऱ्याचे रूप घेऊन येतो, तो आपली ओळख लपवूनच. देथांच्या कथेत बाईला खरे काय ते ठाऊक असते, आणि तरीही ती होकार देते.

मणी कौल जोधपूरचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते ऋत्विक घटकांचे विद्यार्थी होते. मोहन राकेश यांच्या कथेवरचा त्यांचा पहिला चित्रपट ‘उसकी रोटी’ हासुद्धा वाट पाहणाऱ्या बायकोचाच होता. बस चालवणाऱ्या नवऱ्यासाठी ती भाकरी घेऊन रस्त्याच्या कडेला ताटकळत उभी राहते. ‘दुविधा’ हा कौल यांचा तिसरा चित्रपट आणि पहिला रंगीत. त्यासाठी मुंबईचे चित्रकार अकबर पदमसी यांच्या पुढाकाराने एका छोट्या सहकारी गटाने आर्थिक पाठबळ दिले. त्या काळात पदमसींनी मुंबईत चित्रकार आणि चित्रपटकारांना एकत्र आणणारी एक कार्यशाळा चालवली होती, आणि या चित्रपटाकडे पाहताना ती संगत ध्यानात येते. नवरीच्या भूमिकेत पदमसींची मुलगी रायसा आहे. नवरा आणि भूत ही दोन्ही पात्रे रवी मेनन यांनी केली. छायालेखन नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांचे, आणि चित्रण देथांच्याच बोरुंदा गावी झाले.

‘दुविधा’ची कथनरीत नेहमीच्या चित्रपटाला सरावलेल्या प्रेक्षकाला प्रथम कोरडी वाटते. पात्रे फार बोलत नाहीत, भाव चेहऱ्यावर आणत नाहीत. बरीचशी गोष्ट निवेदकाच्या आवाजात ऐकू येते, आणि पडद्यावर पांढरी भिंत, लाल ओढणी, उंबरठ्यावर टेकलेला हात एवढेच दिसते. मध्येच चित्र गोठते आणि काही क्षण छायाचित्रासारखे थांबून राहते. राजस्थानी लघुचित्रांत एकेक आकृती आपापल्या चौकटीत बसवलेली असते, तशी इथे बाई दारात, खिडकीत, जिन्यात बसवलेली आहे. संगीत तिथल्याच लोकगायकांचे आहे.

या पद्धतीवर टीका झाली. चित्रपट संथ आणि दुर्बोध असल्याचे म्हटले गेले, आणि संथ तो आहेच. पण बाईचे एकटेपण दाखवायला तिला रडवायची गरज पडत नाही, हे या संथपणानेच साधले आहे. नवरा असताना आणि नसताना ती त्याच चौकटीत, त्याच भिंतीपाशी दिसते, आणि निघून गेलेल्या नवऱ्याबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. या चित्रपटासाठी कौल यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवट त्यांनी देथांचाच ठेवला: भूत पखालीत अडकते, नवरा घरात येतो आणि बाईचे मत कोणी विचारत नाही. धनगराचा चतुरपणा ऐकताना गंमत वाटते खरी, पण ज्या प्रश्नाचा निकाल लागला तो मुळात तिचा प्रश्नच नव्हता. खरा नवरा कोणता हे गावाला हवे होते. तिने आपल्यापुरता निकाल केव्हाच लावला होता.

अमोल पालेकर या कथेकडे वळले त्याआधी दोनच वर्षे, २००३ मध्ये, त्यांचा मराठी ‘अनाहत’ आला होता. सुरेंद्र वर्मा यांच्या नाटकावरच्या त्या चित्रपटात मूल हवे म्हणून राणीला एका रात्रीपुरता परपुरुष निवडायला लावले जाते, आणि त्या एका रात्रीत तिला स्वतःच्या इच्छेची ओळख पटते. ‘पहेली’ याच विचारातून पुढे आलेला दिसतो. पटकथा संध्या गोखले यांची होती. इथे सगळे भरजरी आहे: गाणी, उंटांची शर्यत, आणि नसीरुद्दीन शाह व रत्ना पाठक शाह यांच्या आवाजात बोलणाऱ्या दोन कठपुतळ्या. धनगराच्या भूमिकेत अमिताभ बच्चन आहेत. लच्छी या नवरीला ठसठशीत व्यक्तिमत्त्व मिळाले. भारताने त्या वर्षी ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठवला.

‘पहेली’त पखालीचा प्रसंग आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. लच्छीसमोर परत आलेला नवरा खरे तर ते भूतच असते, नवऱ्याच्या शरीरात शिरलेले. लच्छीची निवड कायम राहते, आणि कथेत तिच्यावर झालेला अन्याय पालेकर भरून काढतात. मात्र खऱ्या नवऱ्याचे, किशनलालचे, काय झाले, हा अवघड प्रश्न चित्रपट हळूच बाजूला सारतो. देथांच्या कथेत तोही वडिलांच्या धाकात वाढलेला आणि हिशेबाच्या वह्यांत अडकलेला माणूस आहे. त्याचे एकटेपण दोन्ही चित्रपटांत थोडे उपेक्षितच राहिले.

झाडावर राहणारा आणि संसाराची आस लागलेला जीव मराठी माणसाला नवा नाही. मुंज होऊन लग्नाआधीच मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत कोकणात घरोघरी माहीत आहे. आदित्य सरपोतदार यांच्या २०२४च्या ‘मुंज्या’ने तिच्यातली भीती आणि विनोद घेतला, लग्नाची हावही घेतली, पण तिच्यातले दुःख फारसे घेतले नाही. कोरियातही अविवाहित मेलेल्या तरुणांची भुते मानली जातात, आणि त्यांची मरणोत्तर लग्ने लावण्याची चाल तिथे होती. ‘गॉब्लिन’ ही २०१६ साली सुरू झालेली कोरियन मालिका तिथल्या लोककथांतल्या दोक्केबी नावाच्या पिशाच्चावर बेतलेली आहे. शेकडो वर्षे एकटा जगलेला तो जीव आपल्या वधूच्या शोधात असतो.

कोरियातल्या गोगलगायीच्या नवरीची गोष्ट तर ‘दुविधा’ची चुलतबहीणच म्हणावी. शेतात राबणारा एकटा शेतकरी मोठ्याने म्हणतो, हे पीक मी कोणाबरोबर खाऊ? माझ्याबरोबर, असे उत्तर येते. शोधून पाहतो तर तिथे एक गोगलगाय. ती तो घरी आणतो, आणि तो शेतावर गेला की तिच्यातून एक तरुणी बाहेर येऊन त्याच्यासाठी जेवण रांधून ठेवते. दोघांचा संसार सुरू होतो आणि लवकरच तिथल्या अधिकाऱ्याची नजर तिच्यावर पडते. काही ठिकाणी सांगतात की अधिकाऱ्याने लावलेल्या पैजा शेतकरी नागराजाच्या मदतीने जिंकतो आणि दोघे सुखाने राहतात. दुसऱ्या ठिकाणी बायको हिरावली जाते, शेतकरी झुरून मरतो आणि पक्षी होतो.