अदृश्य दुकानांची चढाओढ

गावात एकच दुकान असले म्हणजे दुकानदार सांगेल तो भाव आणि देईल तो माल, अशी गिऱ्हाइकाची स्थिती होते. शेजारी दुसरे दुकान उघडले, की पहिल्याच्या तराजूलाही शिस्त लागते. हा व्यापाराचा जुना नियम होय. परंतु ज्या दुकानाला भिंती नाहीत आणि ज्याचा माल हाताला लागत नाही, तेथेही हा नियम तितकाच खरा ठरतो काय? संगणकावरील खेळांच्या व्यापाराकडे पाहिले असता या प्रश्नाचे उत्तर मिळते.

पूर्वी हे खेळ तबकड्यांवर भरून, खोक्यांत घालून विकले जात. २००३ साली अमेरिकेतील व्हॉल्व्ह या खेळ बनविणाऱ्या कंपनीने ‘स्टीम’ नावाची व्यवस्था सुरू केली. आपल्या खेळांतील सुधारणा इंटरनेटद्वारे खेळणाऱ्यांच्या संगणकांवर परस्पर पोचविणे, हा तिचा प्रारंभीचा हेतू होता. २००४ साली ‘हाफ लाइफ २’ हा खेळ आला. तो खेळण्यासाठी स्टीममध्ये नाव नोंदविणे भागच होते. पुढच्याच वर्षी इतर कंपन्यांचे खेळही तेथे विक्रीस आले. अशा रीतीने माल पोचविणारी व्यवस्थाच मोठी बाजारपेठ बनली.

या बाजारपेठेत विक्रीच्या रकमेतील शेकडा ३० हिस्सा दुकान ठेवून घेई. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक गेम्स या अमेरिकन कंपनीने आपले निराळे दुकान उघडले आणि केवळ शेकडा १२ हिस्सा घेण्याचे जाहीर केले. ही घोषणा होण्याच्या थोडेच दिवस आधी स्टीमनेही मोठ्या विक्रीच्या खेळांसाठी सवलत दिली होती. एखाद्या खेळाची विक्री १ कोटी डॉलरांवर गेल्यास पुढील रकमेवर शेकडा २५, आणि ५ कोटींवर गेल्यास शेकडा २० हिस्सा घेण्याचे तिने ठरविले. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही संगणकाच्या खेळांवरील आपला हिस्सा १२ वर आणला. चढाओढीचे हे फळ मुख्यतः खेळ बनविणाऱ्यांच्या पदरात पडले.

गिऱ्हाइकास वळविण्यासाठी एपिकने कित्येक खेळ विनामूल्य वाटले. काही खेळ ठरावीक काळ आपल्याच दुकानात मिळतील, असे करारही केले. ‘मेट्रो एक्झोडस’ या खेळाची आगाऊ विक्री स्टीमवर चालू असतानाच, जानेवारी २०१९ मध्ये तो तेथून काढून एपिककडे नेण्यात आला, तेव्हा पुष्कळ खेळणारे रुष्ट झाले.

नवे दुकान स्वस्त असूनही जुने गिऱ्हाईक सहसा हलत नाही, याचे कारण त्याच्या स्वतःच्याच फडताळात आहे. एका दुकानातून घेतलेले खेळ दुसऱ्या दुकानाच्या फडताळात नेऊन ठेवता येत नाहीत. वर्षानुवर्षे जमविलेला संग्रह आणि सोबत खेळणारे मित्र जेथे आहेत, तेथेच तो बांधला जातो. शिवाय बहुधा विकत मिळतो तो खेळ नव्हे, तर खेळण्याचा परवाना. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने ही गोष्ट गिऱ्हाइकास स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. जो माल कायमचा उतरवून घेऊन इंटरनेटवाचून वापरता येतो, त्यास मात्र हे बंधन नाही. पोलंडमधील सीडी प्रोजेक्टने २००८ साली सुरू केलेले ‘जीओजी’ हे दुकान अशाच कुलूप नसलेल्या खेळांसाठी प्रसिद्ध आहे.

तात्पर्य, दुकानांची संख्या वाढल्याने भाव उतरू शकतात, परंतु तेवढ्याने गिऱ्हाईक स्वतंत्र होत नाही. घेतलेली वस्तू सोबत घेऊन दुकानाबाहेर पडण्याची मोकळीक असेल, तेव्हाच चढाओढीचा खरा लाभ त्याला मिळतो.