वास बोंबलाचा नाही, दातांचा!

अलिबाग असो की मुरुड, कुत्र्याच्या तोंडाला वास आला की आपलं उत्तर तयार असतं, ‘बोंबील खाल्ला असेल!’ पण वास रोजच येत असेल तर बोंबलावर ढकलू नका. त्याचा ओठ वर करून बघा. मागच्या दाढांवर पिवळट-तपकिरी थर, लालबुंद हिरड्या दिसल्या तर दुखणं सुरू झालंय. जेवतोय ना, म्हणून निर्धास्त राहू नका. दात दुखत असतानाही कुत्री मुकाट जेवतात.

कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०. त्यांवरचा मऊ थर काही दिवसांतच कडक होतो, मग ब्रशने निघत नाही. डॉक्टरांना भूल देऊन तो काढावा लागतो. त्यापेक्षा रोज दोन मिनिटं द्या. आधी बोटाला ओलं सुती कापड गुंडाळून, सवय झाली की मऊ ब्रशने. पेस्ट मात्र प्राण्यांचीच! ते चूळ भरत नाहीत, गिळतात. आणि आपल्या काही पेस्टमधलं झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं. मटणाची हाडं? प्लीज नको, दाढ तडकते. मांजर नाही म्हणालं (म्हणणारच!) तर उद्या पुन्हा.

दात हलतोय, रक्त येतंय? मग घरगुती उपाय बंद. आधी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना. मोठे उपचार लागले तर मांडव्याहून बोट आहे, पुढे परळचं बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल.