चागास: देश सुटला, तरी आजार सुटत नाही

बोलिव्हिया सोडून स्पेनमध्ये स्थायिक होऊन वीस वर्षे झाली, प्रकृती ठणठणीत आहे, मग गावाकडचा आजार आता कुठून असणार? चागास रोगाबद्दल लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्थलांतरितांमध्ये हा समज सहज आढळतो. तो घातक आहे.

ट्रिपॅनोसोमा क्रूझी या परजीवीमुळे (दुसऱ्या सजीवाच्या शरीरात राहून जगणाऱ्या सूक्ष्म जिवामुळे) हा रोग होतो. ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये त्याचे वर्णन केले. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारा किडा रात्री चावतो. परजीवी त्याच्या लाळेत नसतो, विष्ठेत असतो; खाजवलेल्या जखमेतून किंवा डोळ्यांतून तो आत शिरतो. सुरुवातीचा त्रास ओसरतो, अनेकांना तर तो जाणवतही नाही. पण दाराच्या चौकटीला वाळवी लागावी तसे होते: वरचा रंग शाबूत, आत पोखरणे सुरू. लागण झालेल्यांपैकी सुमारे २० ते ३० टक्के लोकांच्या हृदयाला किंवा पचनमार्गाला कित्येक वर्षांनी गंभीर इजा होते.

म्हणूनच चाळणी तपासणी (लक्षणे नसतानाही केलेली तपासणी) महत्त्वाची. त्यासाठी रक्त पुरते. निदान पक्के करायला वेगळ्या पद्धतीची दुसरी चाचणी करतात. तरुण स्त्रियांना ही तपासणी सर्वांत आधी मिळायला हवी, कारण लागण गर्भातील बाळाला होऊ शकते. बेन्झनिडाझोल हे औषध गरोदरपणात देत नाहीत, पण त्याआधी घेतल्यास बाळाचा धोका खूप घटतो. लागण झालेल्या बाळाला पहिल्या वर्षातच औषध दिले, तर ते बहुतेक वेळा पूर्ण बरे होते. स्पर्शाने किंवा सोबत राहिल्याने हा रोग पसरत नाही, त्यामुळे तपासणी लपवण्याचे कारण नाही.