गर्व व नम्रता, ख्रिस्ती धर्मातील

ख्रिस्ती नीतिविचारात गर्व हे पापाचे मूळ आणि नम्रता हा सद्‌गुणांचा पाया मानला जातो. येथे गर्व म्हणजे केवळ बढाई किंवा डौल नव्हे. आपण ईश्वराने निर्माण केलेले आहोत हे विसरून मनुष्याने स्वतःस ईश्वराच्या स्थानी बसविणे, हा त्याचा धर्मशास्त्रीय अर्थ होय. याउलट ईश्वरासमोर आपले खरे स्थान ओळखणे व त्यास अनुसरून वागणे म्हणजे नम्रता. नम्रतावाचक लॅटिन शब्द ‘ह्यूमिलितास’ हा माती या अर्थाच्या ‘ह्यूमुस’ शब्दाशी संबद्ध आहे.

प्राचीन ग्रीक समाजात नम्रतेला असे मोल नव्हते. ‘तापेइनोस’ हे विशेषण बहुधा हीन वा लाचार व्यक्तीस लावीत. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) आपली थोर योग्यता ओळखून तदनुरूप सन्मानाची अपेक्षा करणाऱ्या पुरुषास गौरविले आहे. ख्रिस्ती लेखकांनी हाच हीनतादर्शक शब्द एका सद्‌गुणासाठी योजिला आणि मूल्यांचा क्रम पालटला.

या विचाराची बीजे यहुदी धर्मग्रंथांत आहेत. ‘उत्पत्ती’ या ग्रंथातील आदाम व एवा यांचा आज्ञाभंग ईश्वरासारखे होण्याच्या लालसेतून घडतो. बाबेलच्या बुरुजाची कथाही मानवी अहंतेची आहे. बॅबिलनच्या राजाला उद्देशून ‘यशया’च्या चौदाव्या अध्यायात जे वर्णन आहे, त्याचा संबंध चर्चच्या परंपरेने पुढे ल्यूसिफर या देवदूताच्या पतनाशी जोडला. नव्या करारात ख्रिस्त हाच नम्रतेचा आदर्श ठरतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी तो शिष्यांचे पाय धुतो. परूशी आणि जकातदार यांच्या दृष्टांतात तो आपल्या धार्मिकतेचा अभिमान बाळगणाऱ्यापेक्षा पश्चात्तप्त पाप्यास श्रेष्ठ ठरवितो. ईश्वरस्वरूप असूनही त्याने दासाचे रूप घेतले व क्रूसावरील मरण पत्करले, असे पौलाने फिलिप्पैकरांस पाठविलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे.

चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी या विषयाचे सूक्ष्म मानसशास्त्रीय विवेचन केले. इव्हॅग्रिअस (सु. ३४५–३९९) याने सांगितलेल्या आठ दुष्ट विचारांत कीर्तिलोभ व गर्व हे दोन वेगळे आहेत. जॉन कॅसिअन (सु. ३६०–सु. ४३५) याने हे विवेचन पश्चिमेत नेले. इतर विकार जिंकलेल्या साधकालाच गर्व ग्रासतो, हे त्यातील मर्म होय. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने ईश्वरनगर  या ग्रंथात गर्वाची व्याख्या अनुचित उच्चपदाची हाव अशी केली. पोप पहिला ग्रेगरी (सु. ५४०–६०४) याने गर्वास सात प्रमुख दुर्गुणांची जननी मानले, पुढे कीर्तिलोभ व गर्व एकत्र होऊन सात महापापांची सूची रूढ झाली.

सेंट बेनेडिक्टच्या (सु. ४८०–सु. ५४७) मठनियमांच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. क्लेअरव्होचा बर्नार्ड (१०९०–११५३) याने त्यांच्याच जोडीला गर्वाच्या बारा पायऱ्या वर्णिल्या. टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने नम्रतेचा अंतर्भाव संयमात केला. उच्च ध्येयाची आकांक्षा आणि नम्रता यांत विरोध नाही, कारण ईश्वरदत्त गुण ओळखणे हाही सत्याचाच भाग होय, असे तो मानतो. मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) नम्रता हे मोक्ष मिळविण्याचे साधन मानण्यास विरोध केला. मोक्ष केवळ ईश्वरी कृपेने लाभतो आणि खऱ्या नम्र माणसास आपल्या नम्रतेची जाणीवच नसते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

आधुनिक काळात या शिकवणीवर तीव्र टीका झाली. डेव्हिड ह्यूमने १७५१ मध्ये नम्रतेची गणना निरुपयोगी मठवासी गुणांत केली. नीत्शेने १८८७ मध्ये तिचा उगम दुर्बलांच्या सुप्त द्वेषात शोधला. धर्मशास्त्रज्ञ राइनहोल्ड नीबुर (१८९२–१९७१) याने मात्र सत्ता, ज्ञान व सद्‌गुण यांचा गर्व व्यक्तीपेक्षाही राष्ट्रांत व समूहांत अधिक बळावतो, हे दाखवून जुन्या सिद्धांतास राजकीय आशय दिला. त्यावर व्हॅलरी सेव्हिंग या विदुषीने १९६० मध्ये आक्षेप घेतला, की गर्वालाच मूळ पाप मानणारा विचार पुरुषी अनुभवावर आधारलेला आहे. स्त्रीचा दोष पुष्कळदा स्वत्व गमावून बसण्याचा असतो. दास, स्त्रिया व अंकित समाज यांना नम्रतेचा उपदेश त्यांची अवस्था टिकविण्यासाठी केला गेला, हे नाकारता येत नाही. तथापि मूळ शिकवणीत खाली वाकणारा स्वतः गुरू व प्रभू आहे. बलवानाकडे अपेक्षिलेली ही नम्रता दुर्बलावर लादली, की तिचा अर्थच पालटतो.

पाय धुण्याच्या प्रसंगाची स्मृती पवित्र गुरुवारच्या विधीत जपली जाते. रोमन कॅथलिक चर्चमध्ये या विधीत स्त्रियांचेही पाय धुण्यास २०१६ मध्ये रीतसर अनुमती मिळाली. महाराष्ट्रात रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगादी रचनांतून ख्रिस्तभक्तीला मराठी संतपरंपरेचे रूप दिले. त्या परंपरेतील लीनतेचा भाव ख्रिस्ती शिकवणीस जवळचा असल्याने हा मेळ सहज साधला.